नफा दोन, क्रेट रिकामे

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात श्वसनाचा धडा ऑक्सिजनच्या कौतुकाने सुरू होतो. ऑक्सिश्वसनाला पानभर रंगीत आकृती, तंतुकणिकेचा छेद, बाणांची गोल फेरी असा सगळा थाट. पान संपत आलं की विनॉक्सिश्वसनाची, म्हणजे किण्वनाची, चार ओळींत बोळवण, आणि खाली फरकाचा तक्ता: ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऑक्सिजन असेल तर एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जाचलनाचे, 38 रेणू, नसेल तर 2. (या 38ची गंमत अशी, की हिशेब बारकाईने तपासल्यावर ते 30-32वर आले. ताळेबंद उघडून बसलं की नफा घटतो, हे पेशीलाही चुकलेलं नाही. दोनाचे मात्र दोनच राहिले.) हा तक्ता घोकून बाहेर पडलेल्या पिढ्यांच्या मनात किण्वन म्हणजे नाइलाजाचा मामला: ऑक्सिजन मिळाला नाही म्हणून कसंबसं चालवून घेतलेलं, मागासलेलं, तोट्यातलं काम. माझं म्हणणं असं, की तक्त्यातले आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत, खटला मात्र भलत्याच कलमाखाली चालवला आहे. किण्वन हा कमाईचा उद्योगच नव्हे. त्याला नफा विचारणं मुळातच गैरलागू.

आधी पेशी काय करते ते पाहू. ग्लुकोजचा सहा कार्बनचा रेणू ती दहा पायऱ्यांत मधोमध तोडते. यांतल्या एकाही पायरीला ऑक्सिजन लागत नाही. ते दोन एटीपी इथेच पदरात पडतात. किण्वन अजून सुरूही झालेलं नसतं. पण तोडताना ग्लुकोजमधून जो हायड्रोजन निघतो, तो उचलायला एनएडी नावाचा वाहक रेणू लागतो आणि पेशीजवळ एनएडीचा साठा मोजका असतो. तो सगळा भरला आणि पुढे उतरवून घ्यायला ऑक्सिजन नसला, की काम ठप्प. साखर समोर, यंत्रणा शाबूत, आणि पेशी उपाशी. भाव कोसळला की टोमॅटो रस्त्यावर ओतल्याची छायाचित्रं पेपरात येतात. नीट पाहिलं तर रस्त्यावर फक्त टोमॅटो असतात. क्रेट टेम्पोत परत चढलेले असतात. माल गेला तर गेला, क्रेट गेले तर परवाचा तोडा कशात भरायचा? किण्वन नेमकं एवढंच करतं. दह्यातले जीवाणू हा हायड्रोजन ग्लुकोज तुटून उरलेल्या पायरुविक आम्लावरच ओततात, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. यीस्ट त्याच आम्लातून आधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्यावर ओततं, त्याचं अल्कोहोल होतं. या ओतण्यात एटीपी किती मिळाले? एकही नाही. मिळाला तो रिकामा एनएडी. ज्याला आपण दही म्हणून वाटीत घेतो आणि दारू म्हणून लपवून ठेवतो, ते दोन्ही रस्त्यावर ओतलेले टोमॅटो आहेत.

याला पुरावा काय, असं कोणी विचारेल. पुरावा गोळा व्हायला जवळजवळ शतक गेलं, आणि सुरुवात टिंगलीने झाली. 1837च्या सुमारास थिओडोर श्वान यांच्यासह तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की यीस्ट जिवंत असतं आणि साखरेचं अल्कोहोल तेच करतं. युस्टुस फॉन लीबिग आणि फ्रीडरिश व्योलर या रसायनशास्त्रातल्या दिग्गजांना हे मानवेना; त्यांच्या लेखी किण्वन ही निव्वळ रासायनिक क्रिया होती. 1839 साली लीबिग यांच्याच नियतकालिकात एक निनावी लेख आला. त्यात गंभीर चेहऱ्याने लिहिलं होतं, की सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची अंडी दिसतात, साखरेच्या पाण्यात ती फुटतात, आणि आतून दारू गाळायच्या भांड्याच्या आकाराचे प्राणी बाहेर येतात. या प्राण्यांना सोंड असते, दात नसतात. ते साखर खातात, मागच्या दाराने अल्कोहोल टाकतात आणि मूत्रमार्गाने कार्बन डायऑक्साइड. भरलेलं मूत्राशय शॅम्पेनच्या बाटलीसारखं दिसतं, एवढा तपशीलही दिला होता. पुढे 1857पासून लुई पाश्चर यांनी एकेका प्रयोगाने यीस्टची बाजू लावून धरली आणि हवेवाचून जगता येतं हे दाखवलं, तेव्हा हसू कोणाचं व्हायचं ते झालं. पण लीबिगही सपशेल हरले नाहीत. 1897 साली एडुआर्ड बूखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रस टिकायचं सोडून फसफसायला लागला. जिवंत पेशी एकही नाही, आणि अल्कोहोल तयार. या फजितीबद्दल बूखनर यांना 1907चं नोबेल मिळालं. आपल्याकडे रस फसफसला तर घरातली माणसं बोलतात. मग आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी हाच रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबून त्याचे दोन भाग केले. वर मोठे रेणू राहिले, खाली छोटे उतरले. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही भाग थंड. एकत्र केले की पुन्हा बुडबुडे. मोठ्या रेणूंत कामगार होते, म्हणजे विकर. खाली उतरलेल्या पाण्यात जे होतं, त्यातला एक घटक हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांनी पुढे हुडकून काढला, आणि तोच आपला एनएडी. कामगार सगळे हजर होते, क्रेट तेवढे गाळणीतून पलीकडे गेले होते.

बरं, क्रेटचं ठीक, पण मालाची नासाडी झालीच की, असा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा निळ्या ज्योतीने जळतो, म्हणजे अल्कोहोलात भरपूर ऊर्जा उरलेली आहे. ती यीस्टने फुकट घालवली. मग ऑक्सिजन मिळाला की यीस्टने शहाण्यासारखं श्वसनाकडे वळायला हवं. पण साखर मुबलक असली, तर पावाचं आणि बिअरचं यीस्ट ऑक्सिजन हाताशी असूनही किण्वनच करत राहतं. कारण टाकलेला माल रिकामटेकडा बसत नाही. अल्कोहोल शेजारच्या जीवाणूंना सोसत नाही, ते मरतात किंवा माघार घेतात, आणि सगळी साखर यीस्टच्या एकट्याच्या ताब्यात येते. साखर संपली की ऑक्सिजनच्या साहाय्याने तेच अल्कोहोल खाऊन दुसरी पंगत उठवतं. विरजणाचा डावही याच जातीचा. बोटाला सोसेल इतक्या कोमट दुधात चमचाभर दही कालवलं, की त्यातले जीवाणू दुधातल्या साखरेवर तुटून पडतात आणि लॅक्टिक आम्ल ओतू लागतात. आंबटपणा एका पातळीवर पोचला की दुधातलं प्रथिन धरून येतं, आणि सकाळी पातेलं तिरकं केलं तर दही हलत नाही, कडेने फक्त हिरवट-पिवळं पाणी सुटतं. दूध नासवू पाहणाऱ्या बऱ्याच जीवाणूंचा त्या आंबटात निभाव लागत नाही. जीवाणूंच्या लेखी ही शेजाऱ्यांना हुसकावण्याची मोहीम. आपण तिचं पंचामृत करतो. यीस्टची मोहीम तत्त्वाने वेगळी नाही, पण तिला देवघरात प्रवेश नाही. रसायनशास्त्राला सोवळंओवळं कळत नाही, एवढंच त्यातून निघतं.

आता शेवटचा आणि जरा फुशारकीचा आक्षेप: हे सगळं जंतूंचं झालं, आपण माणसं ऑक्सिजनवर जगतो. आपण म्हणजे कोण? आपल्या तांबड्या रक्तपेशींना तंतुकणिकाच नसते. सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात त्या दिवसरात्र ऑक्सिजन वाहतात आणि स्वतः त्याला तोंड लावत नाहीत. ग्लुकोज तोडायचं, लॅक्टिक आम्ल ओतायचं, चालू लागायचं. हाताखालच्या मालाबाबत इतकी अलिप्तता सार्वजनिक जीवनात दुर्मीळच. स्नायूंचंही तसंच. मागे कुत्रं लागल्यावर फुप्फुसं, हृदय आणि तंतुकणिका यांची साखळी वेग घेईपर्यंत पोटरी वाट पाहत नाही. तिला दोनच एटीपी चालतात, पण आत्ता हवेत. (गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचं खापरही लॅक्टिक आम्लावर फुटतं. ते बिचारं तास-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतात ते सवय नसताना ताणले गेलेले स्नायूंचे तंतू.) हे आम्ल यकृताकडे जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, हे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने दाखवलं. त्या कामी यकृताला सहा एटीपी मोजावे लागतात. पोटरीने कमावले दोन, यकृताने भरले सहा. कागदावर तोटा चारचा. मला तो मान्य आहे. पण सहा भरले जातात ते कुत्रं निघून गेल्यावर, निवांत बसून.

पण ऑक्सिजन परत येणारच नसेल, तर हे उधारीचं गणित कोसळतं, आणि माझा दावा खरा अडचणीत येतो तो इथे. उत्तर युरोपातली तळी हिवाळ्यात वरून गोठतात, खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि ही स्थिती महिनोन् महिने टिकते. एवढा काळ लॅक्टिक आम्ल साठवलं तर बहुतेक प्राणी स्वतःच्याच आंबटात मरतील. गोल्डफिशचा नातेवाईक असलेला क्रूशियन कार्प मासा अशा तळ्यात सुखरूप राहतो. अंगभर तयार झालेलं लॅक्टिक आम्ल तो स्नायूंत आणतो, यीस्टच्या धर्तीवर त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. क्रेट रिकामे, आणि टोमॅटो स्वतःच्या दारातही नाहीत. मात्र सोडेपर्यंत ते रक्तात असतंच. ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2017 साली सांगितलं, की बर्फाखालच्या या माशाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल भरतं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या 185व्या कलमात मर्यादा 30ची आहे. पण ते कलम वाहन चालवणाऱ्यांपुरतं आहे, आणि हिवाळाभर हा मासा फारसा कुठे जातही नाही.