घामाचा जबाब

टीव्हीवर लाल पट्टीत ‘आरोपीची आज पॉलिग्राफ चाचणी’ असं झळकलं की घरोघरी हायसं वाटतं. चला, आता खरं काय ते बाहेर पडणार! 2022 साली वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या हत्येचा तपास चालू होता, तेव्हा हे खरं बाहेर पडणं लांबणीवर गेलं, कारण आरोपीला सर्दी-ताप आला. बरोबरच आहे. माणूस खोकत असला की श्वासाचा आलेख बिघडतो, आणि थाप कुठली नि कफ कुठला, हे यंत्राला उमगत नाही.

उमगणार कसं? त्याला खोटं मोजताच येत नाही. छातीभोवती नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम टिपणाऱ्या चकत्या. कळतो तो श्वास, नाडी आणि घाम. बाकी सगळा ‘चोराच्या मनात चांदणं’ या म्हणीला वायरी जोडण्याचा उद्योग. पोलिसांसमोर बसवल्यावर सज्जनाच्याही मनात टिपूर चांदणं पडतं, त्याचं काय करायचं ते ना म्हणीत आहे ना यंत्रात.

प्रश्नांची गंमत तर और. ‘खून तू केलास का?’ याच्या आगेमागे परीक्षक एखादा मोघम प्रश्न पेरतो: ‘आजवर कधी कुणाची वस्तू ढापलीस का?’ हिशेब असा, की गुन्हेगार पहिल्या प्रश्नाला जास्त बिचकेल आणि निरपराध दुसऱ्याला. म्हणजे खुनाच्या आरोपापेक्षा शाळेत ढापलेल्या खोडरबराने जो जास्त घामाघूम होईल, तो निर्दोष! असा महात्मा कुणाला भेटला असेल तर कळवावं. त्याआधी बऱ्याचदा पत्त्यांचा खेळ असतो. एक पत्ता काढा, विचारल्यावर प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणा, यंत्र तुमचा पत्ता ओळखून दाखवेल. यंत्राची जरब बसावी म्हणून काही परीक्षक खुणेचे पत्ते वापरत. सत्याच्या शोधाला हातचलाखीने सुरुवात!

रक्तदाबावरून खोटं पकडू म्हणणाऱ्यांतला आद्य पुरुष म्हणजे विल्यम मार्स्टन. त्याची चाचणी 1923 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने पुराव्यातून बाद केली. गडी खचला नाही. 1941 मध्ये त्याने चित्रकथेत ‘वंडर वुमन’ आणली. तिच्या दोरीत अडकलेला माणूस खरंच बोलतो. हे तंत्र मात्र आजतागायत चुकलेलं नाही.

प्रत्यक्षातल्या यंत्राची कामगिरी बघा. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत होता, आणि 1986 व 1991 अशा दोन्ही चाचण्यांतून सुखरूप बाहेर आला. त्याने रशियन साहेबांना युक्ती विचारली होती. उत्तर मिळालं: रात्री नीट झोप, निवांत राहा, परीक्षकाशी गोड बोल. एवढंच! तिकडे सिएटलजवळच्या खूनसत्रात एक टॅक्सीचालक चाचणीत नापास झाला आणि पोलिसांच्या ससेमिऱ्यात अडकला. 1984 मध्ये पास झाला तो गॅरी रिजवे. त्याने पुढे 2003 मध्ये 48 खून कबूल केले. त्याला पकडलं ते डीएनएने. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी यंत्राने चोख केली होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या सेल्वी निकालात स्पष्ट सांगितलं, की संमतीशिवाय चाचणी नाही आणि संमतीने केली तरी निष्कर्ष हा पुरावा नाही. त्यातून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढीच पुढे करता येईल. संमतीही वकील देऊन, मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवायची. कागदावर सगळं झकास. पण कोठडीतल्या माणसाने ‘नको’ म्हटलं, की रात्री नऊला निवेदक ओरडणार, ‘लपवायचं नाही, तर घाबरतो कशाला?’

मग न्यायालयात न चालणारं हे नाणं तपास यंत्रणा खिशात बाळगतात कशाला? कारण ते चौकीत चालतं. ‘आलेखात सगळं आलंय, आता तूच सांग’ असं दरडावलं की कच्चा माणूस घडाघडा बोलतो, कधीकधी न केलेलंही. पट्ट्याच्या मारापेक्षा हे बरं, एवढं मान्य. पक्का माणूस मात्र परीक्षकाला आधी नमस्कार करतो, चहा झाला का विचारतो, आणि आदल्या रात्री छान झोपलेला असतो.