अपडेट नामक अनाहूत अतिथीचा बंदोबस्त कसा करावा
(नानाखेड्यातील ज्येष्ठ मंडळींच्या अनुभवावरून सिद्ध केलेली संक्षिप्त मार्गदर्शिका)

ज्या उज्जयिनीच्या रेखावृत्तापासून आमच्या प्राचीन ज्योतिर्विदांनी काळ मोजण्यास आरंभ केला आणि जेथे प्रत्यक्ष महाकाल ठाण मांडून बसला आहे, त्या नगरीतील एका पेन्शनरास ‘कृपया थांबा, अपडेट चालू आहे’ एवढ्या अक्षरांपुढे हात जोडून सकाळ घालवावी लागावी, यापरते काळाचे दुसरे विडंबन ते कोणते? गेल्या नोव्हेंबरात, आपण अद्याप हयात आहो असा दाखला सरकारदरबारी रुजू करण्याच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ठसा घेण्याचे चिमुकले उपकरण जोडून आणि अंगठा धोतराच्या सोग्यास पुसून मी संगणकासमोर बसलो, तोच पडद्यावर ठिपक्यांचे रिंगण फिरू लागले आणि पस्तीस टक्के काम झाले असून यंत्र बंद करू नये, असे फर्मान झळकले. पस्तिसाचे छत्तीस होईपर्यंत घरात दोनदा चहा झाला. मी हयात होतो, परंतु तशी खातरजमा करून देण्यास माझे यंत्र हयात असणे जरूर होते, आणि त्याचीच शाश्वती नव्हती.

ही फिर्याद मी दुसऱ्या दिवशी, नानाखेड्याच्या क्रीडांगणाभोवती फेऱ्या घालून पोहे-जिलेबीच्या गाडीपाशी विसावणाऱ्या मंडळींपुढे मांडली. या मंडळींत दोन अधिकारी पुरुष आहेत. एक पंचकार्डवाले काका, ज्यांनी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून गणिते सोडविण्यात तारुण्य वेचले; आणि दुसरे फ्लॉपीवाले काका, ज्यांच्या मते संगणकाच्या इतिहासाचे सुवर्णयुग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत असताना होते आणि उंदीर आला तेव्हा संपले. उभयतांचे एकमेकांशी कधीही पटत नाही, म्हणूनच ज्या बाबतीत पटले ती कलमे मी येथे नमूद करीत आहे.

कलम पहिले : बंद करून पुन्हा चालू करणे

व्याधी कोणतीही असो, प्रथम यंत्र बंद करावे, मनातल्या मनात तीस अंक मोजावे आणि मग चालू करावे. हा उपाय अडाण्यांचा आहे असे समजून तरुण पिढी नाक मुरडते. परंतु संगणकाची कामचलाऊ स्मृती विजेच्या आश्रयाने जगत असल्यामुळे, वीज जाताच तीत साचलेला गोंधळ धुऊन जातो आणि यंत्र स्नान करून सोवळ्यात आल्यासारखे नव्याने कामास लागते, हे त्यामागचे शास्त्र आहे. येथे पंचकार्डवाले काका एक हरकत नोंदवितात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली उभा राहिलेला ‘टिफ्रॅक’, ज्याच्या पोटात सुमारे २,७०० निर्वात नळ्या तापत असत, त्याची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती, आणि अशा कड्या वीज गेली तरी आपले पाठांतर विसरत नसत. “तुमच्या यंत्रांना विस्मरण हेच औषध,” काका म्हणतात, “आमच्या यंत्रांना तीही सवलत नव्हती.”

एकदा बंद-चालू करून भागले नाही तर खचून जाऊ नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचे एक सदोष अपडेट सकाळी पावणेदहाच्या सुमारास रवाना झाले आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. तेव्हा काही गिऱ्हाइकांस यंत्र पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू करावे लागते, असे त्या बलाढ्य मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांस हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे मिळाली. ज्या फ्लॉपीवाल्या काकांना कोणी कारकुनी अक्षराबद्दल उभ्या जन्मात शाबासकी दिली नव्हती, ते ती छायाचित्रे आठवडाभर सर्वांस दाखवीत होते.

कलम दुसरे : शुद्धी

यंत्र सुरू होताना नुसतेच ‘टूं टूं’ करीत असेल, तर त्याचे पोट उघडावे. हा विधी मी डोळ्यांनी पाहिला आहे. फ्लॉपीवाले काका प्रथम खिडकीच्या गजास हात लावून अंगातील वीज उतरवितात; मग दोन्ही बाजूंचे खटके अंगठ्यांनी दाबून स्मृतीची हिरवी पट्टी उपसतात; नातवाच्या कंपासपेटीतला खोडरबर घेऊन तिच्या काठावरील सोनेरी दात एका दिशेने, दाढी करावी तितक्या निगुतीने, पुसतात; पडलेला चुरा फुंकरीने नव्हे तर कोरड्या कुंचल्याने झाडतात, कारण फुंकरीबरोबर थुंकीही जाते; आणि पट्टी पुन्हा ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत बसवितात. दातांवर चढलेला मळ निघाला की संपर्क जुळतो, यापलीकडे त्यात मंत्रतंत्र नाही. तथापि हे सर्व चालू असता खोलीत चपला घालून कोणी आल्यास काका अद्यापही संतापतात. संगणकाची खोली ही वातानुकूलित आणि म्हणून घरातील देवघराहूनही पवित्र असण्याच्या काळात त्यांची उमेदवारी झाली आहे, हे ध्यानात घेऊन चपला बाहेर काढाव्या.

कलम तिसरे : पंचनामा

बिघाड होताच पडद्यावर काय अक्षरे उमटली, ती मोडतोड न करता कागदावर उतरवून घ्यावी. ‘काहीतरी इंग्रजीत आले आणि मी ओके दाबले’ ही जबानी कोणत्याही दरबारात ग्राह्य धरली जात नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-दोन संगणकात एक पतंग अडकलेला सापडला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथील मंडळींनी तो झटकून न टाकता रोजनाम्यात चिकटवून त्यापुढे वेळ लिहून ठेवली, या दफ्तरी शिस्तीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पंचकार्डवाल्या काकांच्या मते ही शिस्त पुठ्ठ्याने शिकविली. एका पत्त्यावर ऐंशी स्तंभ, त्यांपैकी फोरट्रान भाषेत शेवटचे आठ, म्हणजे ७३ ते ८०, यंत्र वाचतच नसे; तेथे अनुक्रमांक घालावयाचे. शिवाय सगळी गड्डी उभी धरून तिच्या माथ्यावर पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढावयाची, म्हणजे पाच-सातशे पत्ते जिन्यात सांडले तरी रेघ जुळवून क्रम लावता येई. “सांडणार हे गृहीत धरूनच रेघ ओढायची,” असे ते म्हणतात. आजच्या भाषेत यास बॅकअप म्हणतात, आणि तो न घेणाऱ्यास पुढील कलमांचा उपयोग नाही.

कलम चौथे : मुहूर्त

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून आपल्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठविण्याचा परिपाठ ठेवला आहे. त्यांच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा होतात, आणि त्या संकटाचा साक्षात्कार उज्जैनकरास बुधवारी सकाळी होतो. मंगळ ग्रहाचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या मंगळनाथाच्या या गावी, जेथे मंगळदोषाच्या शांतीसाठी भातपूजा करावयास दूरदूरची माणसे येतात, तेथे हा योगायोग कोणाच्याच ध्यानात येऊ नये, याचे मला नवल वाटते. भातपूजेने अपडेट टळते असा मात्र अद्याप एकही दाखला नाही.

आणि ते टाळूही नये. येथे दोन्ही काका एकमुखाने बोलतात. १४ मार्च २०१७ हा असाच दुसरा मंगळवार होता. त्या दिवशी आलेली दुरुस्ती ज्यांनी आळसाने किंवा गुर्मीने तहकूब ठेवली, त्यांच्या यंत्रांत दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर शिरला, आणि ब्रिटनमधील सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. म्हणून दुरुस्ती अवश्य स्वीकारावी. फक्त मुहूर्त आपण काढावा. यंत्रात ‘कामाचे तास’ मुक्रर करण्याची सोय असते, ती वापरावी; महत्त्वाचा अर्ज असेल त्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आठवडाभर थांबवावे; आणि रात्री जेवण झाल्यावर आपण होऊन त्यास आत घ्यावे.

कलम पाचवे : संमती

वरील सर्व करूनही पाहुणा दांडगाईने घुसला, तर चूक आपली नाही हे जाणून मनःशांती राखावी. २०१६ साली नव्या विंडोजचा आग्रह इतका वाढला होता की, सूचनेची चौकट लाल फुली दाबून बंद करणे म्हणजे ठरलेल्या वेळेस संमती देणे, असा अर्थ लावण्यात आला. दार लावून घेतले म्हणजे ‘या, बसा’ म्हटले, असा हा न्याय. पंचकार्डवाल्या काकांचा खरा राग येथेच आहे. त्यांच्या काळी छिद्रित पट्टीवरील चूक दुरुस्त करावयाची तर नको असलेल्या भोकावर कागदाचा तुकडा डकवीत. इंग्रजीत दुरुस्तीस आजही ठिगळ म्हणतात, ते म्हणूनच. ठिगळ कोठे लागले आहे ते दिसत असे, आणि ते लावणारा हात आपला असे.

उपसंहार

जयसिंगपुऱ्याकडे शिप्रेच्या काठी सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली वेधशाळा आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला आणि पुढे गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या विद्वान मराठी ज्योतिष्याने ती सांभाळली. तेथील सम्राट यंत्राची छाया उज्जैनचा स्थानिक सूर्यकाल दाखविते आणि आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळ. या दोहोंत नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे अकरा मिनिटांचे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे एक्केचाळीस मिनिटांचे अंतर पडते. हे अंतर भरून काढण्यास कोणी यंत्राची भिंत पाडीत नाही. शेजारी दुरुस्तीचे कोष्टक लावले आहे. पाहणाऱ्याने छाया वाचावी, त्या दिवसाची मिनिटे त्यात मिळवावी आणि आपल्या वाटेस लागावे. दुरुस्ती आहे, दिसते आहे, आणि ती करणे न करणे पाहणाऱ्याच्या स्वाधीन आहे. अपडेट असे असावे, एवढेच दोन्ही काकांचे मागणे आहे.

ते मान्य होईपर्यंत वाचकांनी दिनदर्शिकेवर प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार लाल पेन्सिलीने खुणावून ठेवावा, सोमवारी रात्री आपल्या कागदपत्रांची एक प्रत वेगळी काढावी, आणि हयातीचा दाखला तीस नोव्हेंबरपर्यंत तटवू नये.