सोमसूत्री प्रदक्षिणा

व्हँकुव्हर,
२४ जून

तीर्थस्वरूप दादांस,



आपण अनिरुद्धाच्या मोबाईलवरून धाडलेला चार ओळींचा मजकूर पावला. चार ओळींत खुशाली कळते, हकीगत कळत नाही, हे आपणच मला लहानपणी शिकवलेले असल्यामुळे हे पत्र कागदावर लिहून टपालाने पाठवीत आहे. पोचायला तीन आठवडे लागले तरी यात नासण्यासारखे काही नाही.

मी येथे दिवसभर करतो काय, असे आपण विचारता. दादा, मी सायकल चालवतो. आणि हे वाचून आपल्या कपाळावर जी आठी पडली असेल ती मला येथून दिसते. सदाशिव पेठेपासून सेंट्रल बिल्डिंगपर्यंत एकतीस वर्षे, हँडलला भाजीची पिशवी, कॅरिअरला डबा आणि पुढे दांडीवर आमच्या अजितला बसवून मी सायकल हाणली, परंतु ‘जरा सायकल चालवून येतो’ असे वाक्य त्या एकतीस वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघाल्याचे स्मरत नाही. सायकल ही दप्तरात, दळणाला, फार तर लग्नाची आमंत्रणे करायला जाण्यासाठी असते, ही आपल्या घराण्याची धारणा. येथील लोक मात्र सायकलीवर बसून कोठेच जात नाहीत. जेथून निघतात तेथेच दीड तासाने घामाघूम होऊन परत येतात, आणि या शून्य प्रगतीबद्दल स्वतःवर कमालीचे खूष असतात.

हा निरुद्देश प्रवास ज्या रस्त्यावर चालतो तो स्टॅन्ली पार्क नावाच्या, १८८८ साली खुल्या झालेल्या अरण्यवजा उद्यानाभोवती समुद्राला लागून बांधलेल्या भिंतीवरचा आहे. या भिंतीचे काम १९१७ साली सुरू झाले आणि १९८० साली तडीस गेले, हे ऐकल्यावर मला आपल्या गावातील कित्येक कामांविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली. मुळात ती फिरण्यासाठी बांधलीच नव्हती. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांच्या लाटांनी किनारा खचू लागला, म्हणून तिची योजना झाली. पुढे १९३० नंतरच्या मंदीत बेकारांना या कामावर लावले, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडण्याची कामे निघाली तशातलाच प्रकार. यावर देखरेख करणारा जेम्स कनिंगहॅम नावाचा स्कॉटिश पाथरवट १९५५ साली सेवानिवृत्त झाला, तरी १९६३ साली मरेपर्यंत भिंत कशी काय चालली आहे ते पाहायला येतच असे. निवृत्त मनुष्य जुन्या दप्तरात पुनःपुन्हा डोकावू लागला की काय होते हे मला ठाऊक आहे (माझ्या बाबतीत तिसऱ्या खेपेपासून चहा विचारणे बंद झाले). तेव्हा या गृहस्थाविषयी मला सख्ख्या भावासारखे ममत्व वाटते, आणि त्याने बसवलेल्या दगडांवरून जाताना मी घंटी सुद्धा हलकेच वाजवतो.

घंटी वाजवण्याचे वास्तविक काही कारण नसते. पाण्याच्या बाजूने पायी चालणारे, आतल्या बाजूने सायकलवाले, अशी वाटणी झालेली आहे. मोटारींचा रस्ता वर झाडीतून जातो. एके ठिकाणी १९३८ सालचा एक टोलेजंग लोखंडी झुलता पूल आडवा येतो, त्यावरून मोटारींची अखंड रीघ चाललेली असते. परंतु ती आपल्या डोक्यावर साठ मीटर उंच, म्हणजे वैमानिकापासून आपल्याला जितपत उपद्रव असतो तितपतच. पहिले दोन दिवस मला याचा फार त्रास झाला. पुण्यात सायकलवर बसले की मनुष्याचा डावा कान रिक्षासाठी आणि उजवा पीएमटीसाठी राखून ठेवावा लागतो, एक पाय सदैव जमिनीला टेकण्याच्या तयारीत असतो, आणि जिभेवर एखादे वाक्य घोळत असते. येथे या सर्व अवयवांना एकदम कामावरून कमी केल्यासारखे झाले. पुढे हंसांएवढाली बदके रांगेने रस्ता ओलांडतात तेवढाच काय तो अडथळा, पण ती कोणाच्या तीर्थरूपांचा उद्धार ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतात.

आता मुख्य हकीगत. सौ.ला सायकल येत नाही, हे आपणांस विदित आहेच. त्यामुळे अजितने आम्हां उभयतांसाठी भाड्याने जी सायकल आणली ती एकामागे एक दोन बैठकींची आणि दोन पायडलांच्या जोड्यांची निघाली. अलका टॉकीजच्या चौकात हवालदार दिसताच आपण मागे न वळता ‘उतर’ म्हणत असा आणि मी चालत्या कॅरिअरवरून उडी टाकून अनोळखी पादचाऱ्यासारखा चालू लागत असे, ते आठवा. त्या डबलसीटच्या गुन्ह्यासाठी येथे खास सायकल बनवून तासाच्या बोलीने देतात! सौ. पाचवारी साडी, पायात बूट आणि अंबाड्यावर हेल्मेट अशा वेषात मागे विराजमान झाली. ती पायडल मारते की नुसते पाय ठेवते, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. चढावर माझा संशय बळावतो.

निघाल्यापासून शंभर पावलांवर तिने पहिली हरकत घेतली. येथे सायकलींनी एकाच दिशेने जायचे, असा नियम आहे, आणि ती दिशा अशी की समुद्र उजव्या हाताला आणि उद्यान डाव्या हाताला राहते. ‘अहो, ही उलटी प्रदक्षिणा झाली. मध्ये जे काही पूज्य असेल ते उजव्या हाताला नको का?’ मध्ये वृक्ष आहेत, देव नाहीत, असे मी म्हटले. त्यावर तिने आजवर वडापिंपळाला घातलेल्या फेऱ्यांचा हिशेब मला सुमारे एक किलोमीटर ऐकावा लागला.

त्या सायंकाळी आम्ही एका तोफेपाशी बाकावर टेकलो. १८१६ साली इंग्लंडात ओतलेली एक तोफ येथे पाण्याच्या काठी ठेवली आहे आणि ती रोज रात्री नऊच्या ठोक्याला उडते. मला कोणीतरी हे सांगितलेही होते. परंतु जून महिन्यात येथे नऊ वाजता चक्क ऊन असते, त्यामुळे नऊ वाजले आहेत यावर माझा विश्वास नव्हता. मी तपकिरीची डबी उघडून चिमूट नाकाशी नेली, त्याच क्षणी तोफ उडाली. चिमूट कोठे गेली ते सांगता येत नाही. सौ.ने ‘अगंबाई’ म्हणून माझा दंड धरला, सोबत आलेली नात ईरा पोट धरून हसली, आणि त्या गोंधळात आम्ही सायकलीवर चढून चालू लागलो. थोडे पुढे गेल्यावर खिसा चाचपला. डबी बाकावर राहिली होती.

मी सायकल वळवली. ईरा किंचाळली, ‘आजोबा, उलटं जायचं नाही!’ मग काय करायचे, असे विचारता ती शांतपणे म्हणाली की पूर्ण चक्कर मारून यायचे. अंतर नऊ किलोमीटर. डबी अर्ध्या फर्लांगावर. आणि सूर्य मावळतीला, दिवा नाही. अशा आणीबाणीत सौ.ची धर्मशास्त्रातील गती एकदाच काय ती माझ्या उपयोगी पडली. ‘शंकराची समजा,’ ती म्हणाली. ‘पिंडीवरचं पाणी वाहून जातं ते सोमसूत्र ओलांडायचं नसतं, पाण्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं.’ पाणी तर आजूबाजूला पॅसिफिक महासागराएवढे होते. या आधारावर मी निर्धास्तपणे उलट निघालो.

समोरून येणाऱ्या पहिल्या इसमाने स्मितहास्य करून ‘सॉरी’ म्हटले आणि दिशा दाखवली. दुसऱ्यानेही ‘सॉरी’ म्हटले. तिसऱ्या बाईने तर थांबून आम्ही हरवलो आहोत काय, अशी चौकशी केली. चूक माझी, क्षमा मागणार ते! ‘रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे काय’ हे वाक्य मी घरून तयार करून आणले होते, ते न उघडता परत न्यावे लागले. शेवटी ईराने तोड काढली. ‘आजोबा, उतरा आणि पलीकडून ढकलत न्या. उतरलात की तुम्ही सायकलवाले नाही, चालणारे.’ दादा, मी हर्षाने स्तंभित झालो. मनुष्य तोच, सायकल तीच, दिशा तीच. खाली पाय टेकताच गुन्हा नाहीसा आणि इसम निर्दोष. हे तर अलका टॉकीजच्या चौकातले आपलेच कलम! डबी जागच्या जागी मिळाली, शेजारी एक म्हातारा ती कोणी नेऊ नये म्हणून राखीत बसला होता. त्याला चिमूटभर देऊ केली. त्यानंतर तो फार वेळ शिंकत होता.

असे रस्ते या गावात आणखीही आहेत. समुद्राकाठची ही वाट उद्यानाबाहेरही चालू राहते आणि एकूण अठ्ठावीस किलोमीटर भरते. २०१६ साली नगरपालिकेने बंद पडलेली एक रेल्वेची पट्टी विकत घेऊन तिच्यावरही पायवाट आणि सायकलवाट केली. बरार्ड नावाच्या पुलावर २००९ साली मोटारींची एक पट्टी काढून सायकलींना दिली, हे ऐकून मला आपला लकडी पूल आठवला, जेथून दुचाकींनाच हद्दपार केले होते. सायकलींचे शहर म्हणून आपण मिरवलो, आणि सायकली पाहायच्या तर आता कर्वेनगरच्या संग्रहालयात जावे लागते. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस पायी चालणाऱ्यांना मोकळा देतात, तेवढे मी येथे ठासून सांगतो. बाकीच्या ३६४ दिवसांविषयी कोणी विचारले तर तपकीर ओढतो.

एक काम आहे. या प्रांतात १९९६ पासून सायकलवाल्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेटसक्तीविरुद्धच्या निवेदनावर माझी सही आपल्याच समोर झाली होती, तेव्हा ही नामुष्की कृपया पेठेत बोलू नये. तथापि फेटा बांधणाऱ्या शीख बंधूंना धर्माच्या कारणास्तव यातून सूट आहे, असे कळते. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भूगोलावरून धर्मापर्यंत कसे जायचे तो अर्जाचा मसुदा मी करीत आहे. माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांखाली, आजोबांची पगडी आहे. अनिरुद्धाचा मित्र पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर ती पाठवावी. दाबू नये, आणि आत डांबराच्या गोळ्या असतील त्या काढाव्यात.

बोळातल्या माझ्या रॅले सायकलीत पंधरवड्याला हवा भरवीत जावी. मागच्या चाकाचा वॉल्व्ह जरा सैल आहे.

आपला आज्ञाधारक बंधू,
वसंत