घरी कातलेलं किकॅड

वर्ध्यात राहून आयता माल घेताना उगाच अवघडल्यासारखं होतं. १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ आला आणि तेलघाणीपासून हातकागदापर्यंत सगळं स्वतः करून बघायची खोड गावाला लावून गेला. त्यामुळे सर्किटची आकृती काढणारं किकॅड लिनक्सवर एका आज्ञेत बसतं हे ठाऊक असूनही मी ते मूळ कोडपासून बांधायला घेतलं. भांडारात आयती खादी मिळते म्हणून टकळी थोडीच कुणी टाकून दिली होती?

ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये किकॅडचं काम सुरू केलं. पुढे सर्न प्रयोगशाळेनेही हातभार लावला. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने त्याला सर्किट चालवून बघणाऱ्या एनजीस्पाइसची जोड देऊन ‘ईसिम’ केलं. परवान्यासाठी दमडीही न मोजता पोरांना सर्किट काढून तपासता येतं, ते असं.

स्वावलंबनाची सुरुवात मात्र मागण्यापासूनच होते. बांधणीची तयारी करणारं सीमेक चालवलं की त्याची फर्माईश सुरू: डब्ल्यूएक्सविजेट्स आणा, बूस्ट आणा, ओपनकॅसकेड आणा. हे शेवटचं त्रिमितीय आकारांसाठी; मला तर एक एलईडी पेटवायचा होता! त्यातही लायब्ररी नुसती असून चालत नाही, तिचं ‘डेव्ह’ पॅकेज वेगळं लागतं. सूत कातणाऱ्यालाही पिंजारी, सुतार, विणकर लागायचेच म्हणा.

मग ‘मेक’, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी. टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते, लॅपटॉप तापला होता, बाहेर वर्ध्याचा मे महिना. गोरसपाकाचा डबा निम्मा झाला. बायको दारातून म्हणाली, “पंखा तुम्हाले लावू का त्याले?”

शेवटी खिडकी उघडली. ‘ए’ दाबून चिन्हं आणली, ‘डब्ल्यू’ दाबून तारा ओढल्या आणि दोष तपासायला सांगितले. तक्रार आली: चिपच्या पॉवर पिनला वीज देणारं कुणी नाही. कनेक्टरमधून वीज आत येते हे त्या बापड्याला आपणहून कळत नाही. तारेला ‘पॉवर फ्लॅग’ची खूण जोडून सांगावं लागतं, की येते बाबा, येते. जोडली. तक्रार गायब.

शेजारचे काका हे सगळं निरखत होते. त्यांचं शेत पवनारच्या वाटेवर.

“येते म्हणून निस्ती चिठ्ठी लावली, अन् त्यानं मानलं?”

“मानलं.”

“मंग एक आमच्या मोटरपंपालेही लावून दे ना भाऊ.”