सोलोशेठ

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत हल्ली लडाखहून परतलेला एक तरी असतोच. आमच्याकडच्याला सगळे सोलोशेठ म्हणतात. कोथिंबिरीची जुडी आणायला निघाला तरी गुडघ्यांना नी-गार्ड आणि हँडलला तिबेटी पताका. टपरीवर हातमोजे एकेक बोट सोडवत काढतो. तेवढ्यात आपला चहा संपतो, पण सुटका होत नाही. "एकटं निघालं की माणूस स्वतःला भेटतो," हे ऐकवल्याशिवाय तो उठू देत नाही. भेटीत दोघांचं काय बोलणं झालं, ते अजून बाहेर आलेलं नाही.

माणसाला फार थोडं सामान लागतं, हे तो प्रवासात शिकला. ते थोडं सामान बांधताना मी हजर होतो. क्लचची जादा केबल, पंक्चर किट, चेन ल्यूब, पेट्रोलचे कॅन. शिवाय आईचे डिंकाचे लाडू, मेतकूट आणि विरळ हवेत हुंगायला कापूर. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून वडिलांचं पोस्टपेड कार्ड त्याच्या खिशात आणि तो येईपर्यंत वडील बिनफोनचे. सगळं बंजी दोरीनं आवळल्यावर गाडी स्टँडवरून काढायला चौघं लागली. मग तो एकटा निघाला.

मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सच्या 21 वळणांनी त्याला संयम दिला. गेट उघडायला वॉचमनला जरा उशीर झाला, की हॉर्नवर तो संयम ऐकू येतो. मोरे प्लेन्सवर मौनाची गोडी लागली. त्यावर गणेशोत्सवात तो इतका बोलला, की आरती लांबली. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड साडेसतरा हजारांच्या आसपास भरते. सोलोशेठच्या तोंडी ती 18,500 वर गेलीये आणि अजून वाढतेय. त्याची दैवतं दोन, चे गव्हेरा आणि रॉबर्ट पिरसिग. चे 1952 साली निघाला तो मित्राबरोबर एकाच नॉर्टन मोटरसायकलवर, आणि पिरसिगच्या मागे त्याचा मुलगा बसलेला होता. हे मी एकदा बोललो. तेव्हापासून माझ्या चहाचे पैसे मलाच द्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र तो वेगळ्या आवाजात सांगतो. पांगच्या पुढे संध्याकाळी क्लचची केबल तुटली. जादा केबल होती, पण लाडवांच्या डब्याखाली, तळाशी. एक ट्रकवाला थांबला, टॉर्च दातांत धरून त्यानं केबल ओवली, पैसे नाकारले आणि दोन लाडू मागून घेतले. नाव विचारायचं राहिलं, म्हणतो. एवढं बोलून गप्प बसतो, यातून काय शिकला ते सांगतच नाही. ऐकण्यासारखं तेवढंच.

परवा त्याची आई अर्ध्या तिकिटात एसटीनं कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघाली. सोलोशेठ हादरला. "एकटी? अगं, रस्त्यात काही झालं तर? मी येतो ना सोडायला!" आई तरी गेली. साताऱ्यापर्यंत त्याचे तीन फोन झाले. चौथ्याला ती म्हणाली, "आवाज येत नाहीये रे, घाट लागलाय," आणि फोन पिशवीत टाकून शेजारणीशी भाकरी वाटून घ्यायला लागली.