युग संपलं, पुन्हा एकदा

नाट्यगायक रामदास कामत 8 जानेवारी 2022 ला गेले, कीर्ती शिलेदार 22 जानेवारीला, आणि 6 फेब्रुवारीला लता मंगेशकर. महिना पुरा व्हायच्या आत नांदेड-लातूरकडच्या दर्दी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर तीनदा ‘एका युगाचा अंत’ झाला. एका गृहस्थांनी तर कामतांसाठी केलेला मजकूर जपून ठेवला होता, तोच फिरवला. नाव बदललं, पण घाईत लताबाईंना ‘नाट्यसंगीताचे अनभिषिक्त राजे’ करून ठेवलं. कुणी हसलं नाही. खाली हात जोडल्याची चाळीसेक चित्रं आली, एवढंच.

युग संपवण्याचा आपल्याला दांडगा सराव आहे. भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले तेव्हाच संगीत नाटक आटोपलं म्हणून जाणत्यांनी मान हलवली असणार. चार वर्षांनी बालगंधर्व रंगभूमीवर आले. केशवराव भोसले 4 ऑक्टोबर 1921 ला गेले, अवघे एकतीस वर्षांचे. त्याआधी तीनच महिने बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’ नाटकाचा तो संयुक्त प्रयोग झाला होता. त्याच साली ऑगस्टात तिकडे नेपल्सला गायक कारुसो वारला आणि इटलीवाल्यांनीही आपलं युग संपवून टाकलं. पुढं 1942 ला दीनानाथ मंगेशकर, 1967 ला बालगंधर्व. इतक्यांदा संपूनही युग पुन्हा संपायला शिल्लक राहतं, हे त्याचं मोठेपण म्हणायचं.

आता खरं सांगायचं तर या सगळ्यांना आमच्याकडं ऐकलं किती जणांनी? आमचा मुलूख मराठवाडा, 1948 पर्यंत निजामाचा. पुणं-मुंबई लांब. लातूरला जायचं तर कुर्डुवाडीहून बार्शी लाईट, म्हणजे बाजूनं चालणारा माणूस गप्पा मारत सोबत येईल अशी गाडी. नाटक कंपनीचे पडदे, पेट्या, ऑर्गन त्यातून यायचे म्हणजे नायिकेच्या आधी ऑर्गनलाच विश्रांती लागायची. तेव्हा आमची बरीचशी रसिकता घडवली ती रेडिओनं. पुढं परभणी केंद्र झालं आणि नाट्यपद म्हटलं की आधी थोडी खरखर यायची हे कानाला पक्कं बसलं.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडं रामदास कामतांची कॅसेट आहे. विकतची नव्हे, रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली. वर निळ्या बॉलपेननं ‘रा. कामत – नाट्य – पुसू नये’. त्यात ‘मत्स्यगंधा’ नाटकातलं एक पद आहे. पहिल्या अंतऱ्याहून गडी समेवर येतो आणि नेमकी त्या क्षणी स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते. एका मात्रेचाही फरक नाही. मास्तर तीस-पस्तीस वर्षं हेच ऐकत आले. मूळची ध्वनिमुद्रिका मी त्यांना मोबाइलवर लावून दिली, तर म्हणाले, ‘‘चांगलं हाय, पण समेला कायतरी कमी वाटायलंय.’’ कामत गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी ती कॅसेट काढली आणि शिट्टी झाल्यावर डोळे पुसले. तो कुकर लावणाऱ्या बाई कामतांच्या आधीच गेलेल्या. कोण कुणासाठी रडलं याचा हिशोब मी मांडला नाही.

कामत 2009 साली बीडच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, त्यामुळं ‘मी प्रत्यक्ष पाहिलंय’ म्हणणारे आमच्याकडं पुष्कळ. त्यातले ऐकलेले किती, हे विचारू नये. कीर्तीताईंची ‘कान्होपात्रा’ तर आमच्याकडं वेगळीच लागते. कान्होपात्रेवर डोळा ठेवणारा बादशहा बिदरचा. पुण्याच्या प्रेक्षकाला बिदर म्हणजे कुठलीतरी परकी दहशत. आमच्या उदगीरवाल्याला ते पुढचं गाव, तिथं सोयरे असतात. त्यामुळं पहिल्या अंकात भीतीपेक्षा ओळखच जास्त वाटते.

गायक गेला की शोकसभा आलीच. तिच्यात पहिला वक्ता वीस मिनिटं स्वतःविषयी बोलतो. दुसरा सांगतो की बुवा आमच्याकडं उतरले होते, धपाटे इतके आवडले की पुन्हा मागून घेतले. असा किस्सा प्रत्येक दिवंगत गायकाविषयी निघतो. एकेका गायकाच्या पोटात मराठवाड्यानं इतके धपाटे घातलेत की त्यांचा दमसास टिकला कसा हेच नवल. पण यात एक न्याय आहे. आयुष्यभर आपण त्यांच्याकडं ‘वन्स मोअर’ मागत राहिलो, त्यांनी निदान धपाट्याला तरी तो द्यावा.

शेवटी दोन मिनिटं शांतता. ‘वाहवा’ केल्याशिवाय ज्यांना श्वास घेता येत नाही ती मंडळी खाली मान घालून उभी. मला तो प्रकार मुळातच उलटा वाटतो. 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही, ते उभे राहिले आणि गायले. त्या परंपरेतल्या माणसाला निरोप द्यायचा तो गप्प राहून?

गायक नाथराव नेरळकर 28 मार्च 2021 ला औरंगाबादेत गेले. ते आमचेच, नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांच्या हाताखाली तयार झालेले. तेव्हा करोनाची दुसरी लाट, माणसं जमवायची सोय नव्हती. ना वक्ते, ना धपाटे. ज्यांनी त्यांना मैफलीत ऐकलं होतं ते घरीच बसले, आणि माझ्या ओळखीच्या एकानंही त्यांच्यासाठी ‘युग’ हा शब्द वापरला नाही. एक जण फोनवर एवढंच म्हणाला, ‘‘आता तराना कुणाचा ऐकावा, राव?’’ इतकी नेमकी तक्रार मी कुठल्या शोकसभेत ऐकलेली नाही.

तेव्हा दर्दी मंडळींना एकच विनंती. नांदेडच्या कुसुम सभागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात पुढं कधी संगीत नाटक लागलं, तर ओळखीनं पहिल्या रांगेचे पास मागू नका. तिकीट काढा, मध्यंतरात उठून जाऊ नका, आणि ‘वन्स मोअर’ द्यायचा तो तिथंच द्या.