त्रिकोणकाका

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, जिथे जिथे सॉफ्टवेअर तपासून पोट भरणारी माणसं बसतात, तिथे दर मजल्यावर एक त्रिकोणकाका असतो. वय पन्नाशीच्या आगेमागे. हुद्दा 'प्रिन्सिपल' काहीतरी, म्हणजे बढती संपली आहे पण काढायचा धीर कुणाला होत नाही. शर्टाच्या खिशाला पेन. अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे पेन नसल्यामुळे कुरियरवाला सही घ्यायला थेट काकांकडे येतो.

आमच्या मजल्यावरचे काका यवतमाळचे. त्यांच्या खणात स्पायरल बाइंडिंग केलेली एक पिवळी पडलेली झेरॉक्स असते: ग्लेनफोर्ड मायर्सचं 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग', साल 1979. पुढे 2004 आणि 2011 साली या पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण काकांना त्या मान्य नाहीत. "मागून आलेल्यांनी पाणी घातलंय त्याच्यात," असं म्हणून ते खण लावून घेतात.

त्रिकोण या पुस्तकातलाच. पहिल्याच प्रकरणात मायर्स वाचकाची परीक्षा घेतो. एक प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज एवढंच सांगतो. तो तपासायला टेस्ट केसेस लिहा. मग 14 प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. चांगल्या अनुभवी प्रोग्रॅमरांना सरासरी 7.8 मिळतात असं मायर्सने नोंदवून ठेवलंय, आणि हा आकडा काका स्वतःच्या मुलाच्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त अभिमानाने सांगतात.

मुलाखतीला आलेली मुलगी पायथन, प्लेराइट आणि दोन सर्टिफिकेटं घेऊन आलेली असते. काका त्यातलं काही विचारत नाहीत. कोरा कागद पुढे सरकवतात. मुलगी भराभर लिहिते: 3-4-5, 5-5-5, 5-5-8, एक बाजू शून्य, एक बाजू उणे.

"आणि 1, 2, 3 दिले तर?"

"विषमभुज, सर."

"काढून दाखव."

मुलगी तीन सेंटिमीटरची रेघ ओढते. एका टोकाला एक सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला दोन सेंटिमीटर उभे करायला जाते. दोन्ही बाजू खाली यायला लागतात आणि शेवटी मुकाट्याने मूळ रेघेवर आडव्या होतात. त्रिकोण नाहीच. काका खुर्चीत मागे रेलतात. त्या घडीला त्यांना कुणी पगारवाढ दिली तरी ते ती नंतर घेतील.

चूक नेहमी काठावर बसते, मध्यभागी नाही, हे जुन्या पुस्तकांचं म्हणणं काकांच्या रक्तात भिनलंय. लिफ्टमध्ये '13 व्यक्ती, 884 किलो' अशी पाटी आहे. काका बाराव्या माणसानंतर दार धरून उभे राहतात. "तेरावा येऊ द्या. आणि चौदावा आला तर भोंगा वाजतो की नाही, कुणी पाहिलंय?" मागचे अकरा जण घड्याळाकडे बघत असतात. एटीएमवर ते आधी शून्य रुपये मागून बघतात. अमर्यादित थाळीच्या हॉटेलात त्यांनी वाढप्याला 'अमर्यादित'ची वरची मर्यादा विचारली होती. वाढपी मालकाला बोलवायला गेला तो परत आला नाही.

हसून सोडून द्यावं, तर 19 जुलै 2024 उजाडतो. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडेही प्रवाशांच्या हातात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच कारण सांगितलं: नव्या साच्यात 21 रकाने धरले होते, आणि कोड पुरवत होता 20. एकविसावा वाचायला गेलेला प्रोग्रॅम स्मृतीच्या कुंपणाबाहेर जाऊन पडला. काकांनी तो अहवाल छापून घेतला, 20 आणि 21 या आकड्यांभोवती पेनाने गोल केले आणि पॅन्ट्रीत कॉफीच्या यंत्रावर चिकटवला. खाली एकच शब्द लिहिला: 'काहून?'

पण काकांच्या खणात आणखीही एक चीज आहे, आणि तिच्यामुळे लोक त्यांना टाळतात. आयईईई 829. चाचणीची कागदपत्रं कशी असावीत याचं हे मानक 1983 सालचं. त्यात आठ प्रकारची कागदपत्रं, आणि 1998 च्या आवृत्तीत एकट्या टेस्ट प्लॅनचे 16 विभाग. वर्षातून दोनदा रिलीज निघायचं त्या काळात हे शोभून दिसत असेल. आमच्याकडे दिवसातून तीनदा रिलीज निघतं. काकांचा सोळावा विभाग, म्हणजे मंजुरीच्या सह्या, पुरा होईपर्यंत ते फीचर ग्राहकाला आवडेनासं होऊन काढूनही टाकलेलं असतं. 2013 साली या मानकाच्या जागी 29119 आलं. काका त्याला 'नवं' म्हणतात आणि नाक मुरडतात.

गंमत म्हणजे त्यांच्याच खणात कॅनर, बाख आणि पेटिकॉर्ड यांचं 2002 सालचं 'लेसन्स लर्न्ड इन सॉफ्टवेअर टेस्टिंग' आहे, आणि कागदपत्रांचे तयार साचे वापरू नका असाही एक धडा त्या बाबांनी त्यात दिलाय. त्या प्रकरणाची पानं अजून कोरीकरकरीत आहेत.

डेव्हलपरने स्वतःचाच कोड तपासायचा ही कल्पना तर त्यांना अजून पचलेली नाही. कोड लिहायच्या आधी डेव्हलपरच टेस्ट लिहितो ही पद्धत रुळून वीस वर्षं झाली, पण काकांच्या लेखी ते चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. मायर्स तसं म्हणाला होता हे खरं. इथे मात्र मायर्स मागे पडला आणि काकाही त्याच्यासोबत तिथेच थांबले, असं माझं मत.

मध्यंतरी टीममधल्या एका मुलाने एआयला विमा-अर्जाचा कोड दिला आणि रात्रीतून ढीगभर टेस्ट लिहवून घेतल्या. सकाळी स्टँडअपला पडदा हिरवागार. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असताना काकांनी मधलीच एक टेस्ट उघडायला लावली. जन्म डिसेंबर 2007, अर्ज जानेवारी 2025, अपेक्षित वय 18.

"हे अठरा कुठून आणलं?"

"कोडने दिलं, सर."

"पोरगं सतरा वर्षांचं आहे, बाप्पा."

कोड सालातून साल वजा करत होता, महिना बघतच नव्हता. यंत्राने कोडचं उत्तर पाहिलं, तेच 'अपेक्षित' म्हणून लिहिलं, आणि दोघांचं जमलं. अल्पवयीन पोराला पॉलिसी, टेस्ट पास. काकांनी झेरॉक्स उघडून बोट ठेवलं: अपेक्षित उत्तर हा टेस्ट केसचाच भाग आहे, ते आधी लिहा, नाहीतर डोळा स्वतःला हवं तेच बघतो. 1979. "परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासली तर नापास कोण होणार?" कुणी हसलं नाही. वीस मिनिटांत डेव्हलपरने दुरुस्ती केली आणि ती प्रॉडक्शनला गेलीसुद्धा.

काका तेव्हा 829 च्या नमुन्यात घटनेचा अहवाल भरत होते. इनपुट, अपेक्षित, प्रत्यक्ष, तारीख-वेळ, परिसर, पुन्हा करून पाहिल्याचे प्रयत्न. त्यात प्रत्यक्षदर्शींचाही रकाना असतो, तिथे त्यांनी माझं नाव घातलं. बग मेला होता, पंचनामा चालू होता.

मायर्सइतकाच त्यांचा लाडका लेखक म्हणजे बोरिस बायझर. एकाच औषधाला किडे सरावतात, मग त्याच त्या टेस्टना बग सापडत नाहीत, या त्याच्या सिद्धांताला 'पेस्टिसाइड पॅरॉडॉक्स' म्हणतात. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी पाहिलेल्या यवतमाळच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. नव्या पोरांना काका तो दर महिन्याला ऐकवतात.

आणि मुलाखतीला दरवेळी त्रिकोणच टाकतात. आता हिंजवडीतल्या क्लासमध्ये तो सगळ्यांना पाठ आहे. परवा आलेल्या मुलाने चौदाच्या चौदा केसेस लिहिल्या, 1-2-3 चे तिन्ही फेरफार, शून्य-शून्य-शून्य, दोनच आकडे दिले तर काय तेही. काका खूश. पहिल्याच आठवड्यात त्या मुलाने मोबाइल नंबरच्या रकान्यात नऊ आकडे टाकून पाहिले नाहीत, अकराही नाहीत. ते काकांनीच पाहिले.

तुमच्या मजल्यावर असे काका असतील तर त्यांना रिलीजच्या आदल्या रात्री बोलावू नका, काम ठरतं त्या पहिल्या मीटिंगला बोलवा आणि 'काहून' विचारू द्या. मायर्सचं पहिलं प्रकरण त्यांच्याकडून मागून वाचा, तासाभरात होतं. 829 चा फोल्डर मात्र त्यांच्या लॅपटॉपवरून आधी उडवा, आणि मुलाखतीत त्रिकोण विचारणं त्यांना बंद करायला सांगा.